वऱ्हाडातील श्वानशिक्षणाची परंपरा आणि स्पॅनियल पिल्लाचे प्रारंभिक प्रशिक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

प्रस्तावना

मराठी भाषेत कुत्र्याशी बोलण्यासाठी फार थोडे शब्द आहेत. जवळ बोलावण्यासाठी ‘यू यू’, हाकलण्यासाठी ‘हाड’ आणि अंगावर सोडण्यासाठी ‘छू’. बसविणे, थांबविणे, आणून देण्यास सांगणे यांसाठी रूढ असा मराठी शब्द सहसा ऐकू येत नाही. शहरातील सुशिक्षित कुटुंबे त्यासाठी ‘सिट’, ‘स्टे’, ‘कम’ हे इंग्रजी शब्द वापरतात आणि आता खेड्यांतूनही तेच ऐकू येतात. त्यातच ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. यावरून असा समज सहज होतो की, कुत्र्याला शिकविण्याची विद्या आपल्याकडे नव्हतीच, ती इंग्रजांबरोबर आली.

हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी वाशीम जिल्हा हे क्षेत्र आणि स्पॅनियल या इंग्रजी जातीच्या पिल्लाचे प्रारंभिक शिक्षण हा विषय निवडला आहे. हे दोन्ही एकत्र आणणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु तितर-लाव्यांच्या ज्या शिकारीसाठी स्पॅनियल घडविला गेला, ती शिकार वाशीमच्या गवताळ रानांत एका वेगळ्याच पद्धतीने पिढ्यान् पिढ्या चालू होती. शिवाय पिल्लाच्या शिक्षणासंबंधीचा विसाव्या शतकातील एक निर्णायक प्रयोग मुख्यतः स्पॅनियलच्याच पिल्लांवर झाला आणि त्याचे उत्तर तांड्यावरच्या व्यवहाराशी जुळणारे निघाले. कोणते ज्ञान लिहिले गेले, कोणते लिहिले गेले नाही आणि त्याचे परिणाम काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

वत्सगुल्म ते वाशीम

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या शाखेचा इतिहास प्रकाशात आला. इंग्रजी अमदानीत १८५३ च्या तहानंतर वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली गेला आणि पुढे ‘बासिम’ हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडण्यात येऊन वाशीमचा भाग अकोला जिल्ह्यात गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे आजचे सहा तालुके होत.

या भूमीत कुत्र्याचे स्थान दुहेरी आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, आणि म्हणून दत्त संप्रदायाचे एक प्रमुख क्षेत्र. दत्तमूर्तीच्या पायांशी असलेली चार कुत्री ही चार वेदांची प्रतीके मानली जातात. जो प्राणी देवाच्या पायाशी वेद म्हणून पूजिला जातो तोच ओसरीवर आला तर ‘हाड’ म्हणून हाकलला जातो, ही विसंगती केवळ वाशीमची नव्हे. परंतु कारंज्यात ती अधिक ठळकपणे नजरेत भरते.

प्राचीन वाङ्मयात शिकवलेल्या कुत्र्याचे उल्लेख विरळ नाहीत. कौटिलीय अर्थशास्त्रात कुत्र्यांचे कळप बाळगणारे ‘श्वगणिन्’ अरण्यांत फिरून चोर व शत्रू यांचा सुगावा लावतात, असे सांगितले आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोदाची, म्हणजे कुत्र्यांच्या खेळाची, नोंद आहे. मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ यात पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरल्याची लीळा आहे. ती सांगितली जाते ती अहिंसेसाठी आणि ते योग्यच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यातील दुसऱ्या गोष्टीकडेही लक्ष द्यावयास हवे. तेराव्या शतकात या प्रदेशात पारधी कुत्री घेऊन सशाची शिकार करीत होते आणि ऐकणाऱ्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नव्हते.

तांडा, बेडा आणि वाडा

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थ. रेल्वे येण्यापूर्वी धान्य, मीठ व कापूस यांची वाहतूक बंजाऱ्यांच्या लदेणीच्या बैलांवरून होत असे. एका तांड्यात शेकडो बैल असत. रात्री उघड्या माळावर मुक्काम पडे, गोण्यांची रास लावली जाई आणि तिच्या राखणीला कुत्री असत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शिकाऱ्यांच्या लेखनात ‘बृंजारी’ या नावाने या उंच, ताजी कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या जातीची वाखाणणी आढळते. दख्खनमध्ये ‘कारवानी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्याचे नावही कारवानाशी, म्हणजे काफिल्याशीच जोडले जाते.

या तांड्यातील पिल्लाचे शिक्षण कसे होत असेल, हे समजून घेण्यासाठी वेगळ्या पुराव्याची फारशी गरज नाही. पिल्लू जन्मताच बैलांच्या खुरांत, घुंगरांच्या आवाजात, लहान मुलांच्या गराड्यात आणि चुलीच्या धुरात येत असे. डोळे उघडल्यापासून जे दिसले, ते त्याचे आपले, बाकीचे परके. राखण करणाऱ्या कुत्र्याला याहून अधिक काही शिकवावे लागत नाही. कोणावर भुंकावयाचे नाही, एवढे त्याला आधी कळले पाहिजे. कोणावर भुंकावयाचे, ते त्यातूनच ठरते.

हीच गोष्ट मेंढपाळांच्या वाड्यात अधिक स्पष्ट दिसते. वाशीम परिसरातील हटकरांचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे, तो मात्र त्यांच्या लढाऊ बाण्याबद्दल. धनगराच्या वाड्यात कुत्र्याचे पिल्लू कोकरांबरोबरच वाढते. या व्यवहाराचे सर्वांत नेमके लेखी वर्णन मात्र दख्खनमधले नाही, ते दक्षिण अमेरिकेतील आहे. चार्ल्स डार्विन याने आपल्या सागरप्रवासाच्या वृत्तांतात १८३३ साली आजच्या उरुग्वे देशातील मेंढपाळी कुत्र्यांविषयी लिहिले आहे. तेथे पिल्लाला अगदी लहानपणी आईपासून दूर करीत, दिवसातून काही वेळा मेंढीचे दूध पाजीत, मेंढ्यांच्या वाड्यातच लोकरीचे अंथरूण करून ठेवीत आणि इतर कुत्र्यांशी किंवा घरातील मुलांशी त्याचा संबंध येऊ देत नसत. मोठेपणी असे कुत्रे कळप सोडून जात नसे. डार्विनला हे नवलाचे वाटले. वऱ्हाडातील एखाद्या धनगराने ते ऐकले असते, तर यात लिहिण्यासारखे काय आहे, असेच त्याने विचारले असते.

फासेपारधी समाजाचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. वाशीम, अकोला, अमरावती, बुलढाणा या पट्ट्यात या समाजाचे बेडे आहेत. त्यांची कला मुख्यतः फाशांची. तितर व लावे पकडण्यासाठी बारीक फाशांच्या रांगा लावावयाच्या आणि शिकवलेल्या पाळीव तितराच्या आवाजाने रानातील तितर त्यांकडे ओढावयाचे. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने हळूहळू सावजाजवळ जात. चित्ते शिकविणाऱ्या पारध्यांची तर वेगळी पोटशाखाच होती. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात या पोटशाखांची नोंद आहे. पक्षी, गाय, चित्ता आणि कुत्रा अशा चार अत्यंत भिन्न स्वभावांच्या प्राण्यांना कामाला लावणारा समाज प्राणिशिक्षणात अडाणी होता, असे कोण म्हणेल?

परंतु या समाजांविषयी जे लिहिले गेले ते प्रामुख्याने कोणी लिहिले, हे पाहिले पाहिजे. बंजाऱ्यांवरील एक आरंभीचा प्रबंध वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज या अधिकाऱ्याचा. तो १८८२ साली छापला गेला. त्याच वर्षी वऱ्हाड पोलिसांतीलच गनथॉर्प या अधिकाऱ्याचे ‘गुन्हेगार जमातीं’वरील टिपण प्रसिद्ध झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची ही पार्श्वभूमी होती. टिपण काढणाऱ्याला हे लोक कोठून येतात, कोठे लपतात, कशी चोरी करतात, हे हवे होते. पिल्लू कितव्या दिवशी माणसाच्या हातात दिले जाते, कोणत्या कुत्रीचे पिल्लू निवडतात, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते. कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यामुळे परत आली नाहीत.

शिकवणीची पोथी

स्पॅनियल या नावाचा संबंध स्पेन देशाशी जोडला जातो. बंदूक येण्यापूर्वी ससाण्याच्या व जाळ्याच्या शिकारीत हे कुत्रे वापरले जाई. झुडपांत शिरून पक्षी उठवावयाचा, आणि बंदुकीच्या काळात पडलेला पक्षी न चावता तोंडात धरून आणून द्यावयाचा, हे त्याचे काम. कॉकर हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून पडले. १८७३ साली इंग्लंडमध्ये केनेल क्लब, १८८५ साली स्पॅनियल क्लब स्थापन झाला आणि १८९९ साली स्पॅनियलांच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या. म्हणजे वऱ्हाडात पारध्यांच्या पोलिसी नोंदी तयार होत होत्या त्याच दशकांत इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या शिकारीतील एका कुत्र्याच्या वंशावळी काटेकोरपणे लिहिल्या जात होत्या. पक्षी पकडण्याची विद्या एकाकडे गुन्ह्याच्या नोंदीत गेली आणि दुसऱ्याकडे छंदाच्या.

शिकवणीची पोथीही याच काळातली. लेफ्टनंट कर्नल हचिन्सन याचे शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणावरील पुस्तक १८४८ साली लंडनमध्ये निघाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. इंग्रजीत या शिक्षणाला ‘ब्रेकिंग’, म्हणजे मोडणे, असा शब्द होता. घोडा मोडतात तसा कुत्राही मोडावयाचा. पिल्लाला सहा महिने ते वर्षभर मोकळे वाढू द्यावे आणि मग दोर व चाबूक यांनी वळण लावावे, ही बहुतेकांची रीत होती. हचिन्सनने चाबूक सर्वस्वी टाकला नाही. पण पहिले धडे रानात न देता घरातच द्यावेत, आरडाओरडा करू नये, हळू आवाजाने व हाताच्या खुणांनी शिकवावे आणि नीट केलेल्या कामाबद्दल खाऊ द्यावा, असे त्याने आग्रहाने सांगितले. त्या काळाच्या मानाने ही मोठीच सुधारणा होती. तरीसुद्धा त्याचा विद्यार्थी मुख्यतः शिकारीसाठी तयार होणारा कुत्रा होता. डोळे नुकते उघडलेल्या पिल्लाला आपण काही शिकवतो आहोत, ही कल्पना त्या पोथीत शोधूनही सापडणार नाही.

बंगल्यांवर आलेल्या इंग्रजी कुत्र्यांची सेवा करणारा डोगबॉय, म्हणजे ‘कुत्तेवाला’, स्थानिकच असे. साहेब हुकूम देई इंग्रजीत, आणि दिवसभर पिल्लाला हाताळी तो मात्र दुसराच. खरा शिक्षक कोण होता, हे ठरविणे त्यामुळे कठीण आहे.

सातवा आठवडा

१९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रीडमन, किंग व एलियट यांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोग अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत झाला. पिल्ले एकूण ३४. पाच वेत कॉकर स्पॅनियलची आणि तीन बीगलची. त्यांना उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात आईबरोबर ठेवण्यात आले. अन्न कुंपणातील भोकातून दिले जाई, म्हणजे माणूस त्यांच्या दृष्टीस पडत नसे. मग काही पिल्ले दुसऱ्या, काही तिसऱ्या, काही पाचव्या, सातव्या व नवव्या आठवड्यात बाहेर काढून प्रत्येकी एकच आठवडा माणसांत ठेवली गेली व पुन्हा आवारात सोडली गेली. पाच पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा स्पर्श नव्हता.

चौदाव्या आठवड्यात सर्वांची परीक्षा झाली. कधीच माणूस न पाहिलेली पिल्ले रानटी जनावरांसारखी वागली. गळ्यात पट्टा व दोर घालताच ती बिथरली आणि पुढे पुष्कळ प्रयत्न करूनही त्यांचे भय पुरते गेले नाही. दुसऱ्या आठवड्यात बाहेर काढलेल्यांना त्या सहवासाचा फारसा लाभ झाला नाही. ती वयाने फारच लहान होती. सर्वांत अनुकूल काळ सातव्या आठवड्याच्या आसपासचा ठरला. अडीच आठवड्यांपासून नऊ ते तेरा आठवड्यांपर्यंतचा काळ हा पिल्लाच्या सामाजिक घडणीचा निर्णायक काळ आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्या काळात केवळ एका आठवड्याचा सहवास पुरेसा होतो. तो काळ गेल्यावर महिने अपुरे पडतात.

याच प्रयोगशाळेतील स्कॉट व फुलर यांचा पाच जातींवरील दीर्घ अभ्यास १९६५ साली ग्रंथरूपाने आला. कॉकर स्पॅनियल त्या पाचांतील एक. वजनकाट्यावर स्थिर राहण्याच्या चाचणीत कॉकरची पिल्ले सर्वांत शांत ठरली. पक्ष्याचा वास लागताच दबा धरून बसणाऱ्या पूर्वजांची ही देणगी असावी, असा त्यांनी अर्थ लावला. म्हणजे स्पॅनियलला ‘बस’ हे शिकवणे सोपे आहे. तो अर्धे आधीच शिकून आलेला असतो.

हे सर्व वाचल्यावर तांड्याकडे पुन्हा पाहिले, तर काय दिसते? बंजाऱ्याचे पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून बैल, माणसे, मुले व आवाज यांच्यात असे. धनगराचे पिल्लू त्याच वयात कोकरांच्या उबेत असे. प्रयोगशाळेने ज्याला निर्णायक काळ म्हटले, त्या काळात या समाजांनी पिल्लाला नेमके जेथे ठेवावयास हवे तेथेच ठेवले होते. त्यांच्याकडे हुकमाचे शब्द कमी होते, कारण शब्दांपूर्वीचे शिक्षण पूर्ण झालेले असे. मराठीतील ‘यू यू’, ‘हाड’ आणि ‘छू’ यांच्या तुटपुंज्या संपत्तीचा हा एक अर्थ संभवतो. अर्थात त्यावरून आपल्याकडे सर्व शास्त्र आधीच होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. या व्यवहारात निवड कठोर होती. न टिकणारे पिल्लू मरत असे आणि त्याची कोणी चौकशी करीत नसे. प्रयोगशाळेने ‘का’ हे दाखविले, आणि कालमर्यादा आठवड्यांत मोजून दिली. ते श्रेय तिचेच आहे.

वऱ्हाडच्या घरातील पहिले सोळा आठवडे

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबविली. तितर आणि लावे हेही संरक्षित झाले. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी अभयारण्य झाले. गेल्या दोन दशकांत याच भागातील काही फासेपारधी कुटुंबे गवताळ रानांच्या व तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या संरक्षणाच्या कामात सहभागी झाली. फासे लावणाऱ्याला आपली विद्या पक्षी वाचविण्याकडे वळविता आली. स्पॅनियलची विद्या मात्र बेकार झाली. तो आता शहरातील दोन खोल्यांच्या घरात येतो, आणि त्याच्या नाकाला व तोंडाला करण्यासारखे काही नसते. चपला पळविणे, पायमोजे लपविणे ही त्याची जी तक्रार ऐकू येते, ती वस्तुतः आणून देण्याच्या कामाचीच उरलेली खूण होय. अशा वेळी वस्तू हिसकावून घेतल्यास पिल्लू ती गिळावयास किंवा तिच्यासाठी गुरगुरावयास शिकते. हातात दुसरा खाऊ दाखवून अदलाबदल केली, तर त्याच सवयीतून ‘आण’ आणि ‘सोड’ हे दोन धडे तयार होतात.

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार निषिद्ध आहे. हा नियम केवळ दयेचा नाही. चावण्याचा जोर किती ठेवावा, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकते. जोरात चावले की दुसरे केकाटते व खेळ थांबतो. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेल्या पिल्लाला हा धडा घरातील मुलांच्या हातांवर शिकावा लागतो. तेथेही उपाय तोच. दात लागताच खेळ थांबवावयाचा, मारावयाचे नाही.

खरी अडचण लसीकरणाची आहे. पार्व्हो या रोगाविरुद्धची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत दिली जाते. रेबीजची लस सामान्यतः तिसऱ्या महिन्यात. ती मालिका पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नका, असा सल्ला सर्रास मिळतो. मोकाट कुत्र्यांची संख्या मोठी असलेल्या गावांत तो अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु तो अक्षरशः पाळला तर पिल्लाचा निर्णायक काळ चार भिंतींत संपतो, आणि बार हार्बरच्या कुंपणाआडची पिल्लेच जणू घरोघर तयार होतात. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली यासंबंधी निवेदन काढले. पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच पिल्लाला स्वच्छ जागी माणसांचा व निरोगी कुत्र्यांचा सहवास द्यावा, असे त्यात सुचविले आहे. वाशीमसारख्या ठिकाणी याचे साधे रूप म्हणजे पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरविणे. ट्रॅक्टर, बैलगाडी, शाळा सुटण्याची गर्दी, बँडचा आवाज हे त्याने दुरून पाहावे व ऐकावे. पोळ्याच्या दिवशी सजविलेले बैल कडेवरून पाहिलेले पिल्लू पुढे बैलाच्या अंगावर धावून जाण्याचा संभव कमी. दिवाळीच्या फटाक्यांशी त्याची पहिली ओळख मात्र ऐन दिवाळीत होऊ नये.

स्पॅनियलच्या बाबतीत एक वेगळा धडा अगत्याचा आहे, आणि इंग्रजी पोथीत तो या रूपात नाही, कारण तो वऱ्हाडच्या जमिनीतून येतो. पावसाळा संपला की माळावरील कुसळी गवत वाळते. त्याची कुसळे लांब, केसाळ कानांत व पायांच्या बोटांमध्ये रुततात; कानाखाली गोचीड साचतात; दमट केसांमुळे कान सुजतात. मोठे झालेले कुत्रे दुखऱ्या कानाला हात लावू देत नाही. म्हणून सातव्या-आठव्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ कान उलटून पाहणे, पंजे दाबून बोटे फाकवणे, तोंड उघडणे आणि लगेच खाऊ देणे, हे ‘सिट’ शिकविण्याच्या आधी यावयास हवे. मे महिन्यात कोणताही धडा सूर्योदयापूर्वी किंवा रात्रीच द्यावा लागतो; तापलेल्या सिमेंटवर पिल्लाला बसावयास सांगणे म्हणजे हुकूम न पाळण्याचेच शिक्षण देणे होय.

शी-शूचे वळण लावताना नाक घासण्याची किंवा चापट मारण्याची रीत अजूनही आढळते. कॉकरमध्ये भीतीने किंवा अति आनंदाने थेंब थेंब लघवी होण्याची प्रवृत्ती असते. ओरडले की ती वाढते, मग आणखी ओरडले जाते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच ठरलेल्या जागी नेणे आणि काम झाल्यावर तेथेच कौतुक करणे, एवढ्यावर काही आठवड्यांत ते साधते. ‘मोडण्या’च्या जुन्या पद्धतीचा सर्वांत स्पष्ट पराभव येथे दिसतो. हाक मारून शिक्षा करण्याची चूक त्याहून गंभीर. ‘यू यू’ म्हणून बोलावले आणि चापट मारली, तर ते दोन अक्षरांचे आवतण कायमचे निरुपयोगी होते.

पथकातील कुत्री

शिकवलेल्या कुत्र्याचे मोल महाराष्ट्रात सर्वसामान्यांना कळले ते १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांच्या वेळी. पुण्याच्या शिवाजीनगर येथील श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेल्या ‘झंजीर’ या लॅब्रेडॉरने त्या काळात ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. २००० साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. पोलीस व सैन्य यांच्या पथकांत बराच काळ परदेशी जातींचेच वर्चस्व होते. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. पण मुधोळची पिल्ले मेरठच्या रिमाउंट व पशुवैद्यकीय केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली ती २०१६ साली. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात मालोजीराव राजेसाहेबांनी बेडर शिकाऱ्यांकडील ही कुत्री हेरून जोपासली होती. म्हणजे तेथेही ज्ञान शिकाऱ्याचे, आणि नाव संस्थानचे झाले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय सैन्याने दिल्ली येथे कोविडचा संसर्ग गंधावरून ओळखणारी कुत्री पत्रकारांसमोर आणली. त्यांत ‘कॅस्पर’ हा कॉकर स्पॅनियल होता आणि ‘जया’ ही तामिळनाडूतील चिप्पीपराई जातीची कुत्री होती. एक वंशावळीच्या वहीतून आलेला, दुसरी दक्षिणेतील खेड्यांतील शिकाऱ्यांच्या परंपरेतून आलेली. दोघांची कसोटी एकच होती. ओळीने मांडलेल्या नमुन्यांपाशी जाऊन वास घ्यावयाचा, आणि संसर्ग असलेल्या नमुन्यापाशी शांतपणे बसावयाचे.